अस्वस्थ पाय संलक्षण

अस्वस्थ पाय संलक्षण हा मज्जासंस्थेचा, झोपेशी निगडित असलेला एक दीर्घकालीन विकार आहे. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम या इंग्रजी नावानेही तो ओळखला जातो. या विकारात रुग्णाला पाय हलवण्याची अनावर इच्छा होते. तिच्यासोबत बहुधा पायांत खोलवर एक विचित्र, त्रासदायक संवेदना असते. स्वस्थ बसल्यावर वा आडवे झाल्यावर त्रास सुरू होतो किंवा वाढतो, पाय हलवल्यावर अथवा चालल्यावर तेवढ्यापुरता कमी होतो आणि संध्याकाळी व रात्री तो सर्वाधिक असतो. त्यामुळे झोप लागणे कठीण होते व लागलेली झोप वारंवार मोडते.

हा विकार कोणत्याही वयात होऊ शकतो, पण उतारवयात त्याचे प्रमाण व तीव्रता वाढते. वृद्ध व्यक्तीची ही तक्रार वयोमानाचा किंवा वाताचा त्रास समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. वास्तविक बहुतेक रुग्णांना योग्य निदान व उपचारांनी चांगला आराम मिळतो. काही रुग्णांत शरीरातील लोहाची कमतरता भरून काढणे एवढाच मुख्य उपचार पुरेसा ठरतो.

नाव व इतिहास

या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन इंग्रज चिकित्सक टॉमस विलिस यांनी १६७२ साली लॅटिन भाषेतील आपल्या ग्रंथात केले. रात्री अंथरुणावर पडताच हातापायांत उसळणाऱ्या अस्वस्थतेमुळे काही रुग्णांना झोप येणे अशक्य होते, असे त्यांनी नोंदवले आहे. विलिस यांनी त्यावर अफूपासून केलेले औषध वापरले होते. १८६१ मध्ये जर्मन चिकित्सक थिओडोर व्हिटमाक यांनी या त्रासाला नडग्यांची चिंता अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. त्या काळी तो मानसिक दुर्बलतेचा प्रकार मानला जात असे.

विकाराला आजचे रूप व नाव स्वीडिश मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल-आक्सेल एकबोम यांच्या १९४५ सालच्या प्रबंधामुळे मिळाले. हा विकार घराण्यात चालत येतो, तसेच गर्भारपणात व लोहाच्या कमतरतेत तो अधिक आढळतो, हे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. १९५० च्या दशकात स्वीडनमध्येच शिरेवाटे लोह देऊन रुग्णांना बरे वाटते असे दिसून आले. १९८२ साली तुर्की चिकित्सक शेवकेत अकपिनार यांनी कंपवातावरील लेव्होडोपा या औषधाचा उपयोग दाखवून दिला. विलिस व एकबोम यांच्या स्मरणार्थ या विकाराला विलिस-एकबोम रोग असेही म्हणतात.

लक्षणे

पायांतील संवेदनेचे नेमके वर्णन करणे रुग्णांना अवघड जाते. पायांत वळवळते, शिरा ओढल्यासारख्या वाटतात, पाय तुटतात, आतून मुंग्या चालतात, हाडात शिरशिरी येते, पाय कुठे ठेवावेत ते कळत नाही, अशा शब्दांत मराठी भाषक रुग्ण ती सांगतात. ही संवेदना कातडीवर नसून आत, विशेषतः पोटऱ्यांत, जाणवते. कित्येकांना ती दुखण्यासारखी वाटते, तर काहींना वेदना मुळीच नसतात, केवळ पाय हलवल्यावाचून राहवत नाही. बहुधा दोन्ही पाय बाधित होतात, मात्र एका वेळी एकाच पायाला त्रास होणे किंवा तो आलटून पालटून होणे असेही घडते. विकार तीव्र झाल्यास हातांतही तशीच तळमळ जाणवू शकते.

दिवसाच्या वेळेशी असलेला संबंध हे या विकाराचे ठळक वैशिष्ट्य होय. सकाळी रुग्णाला जवळजवळ काहीच त्रास नसतो. दिवेलागणीनंतर अस्वस्थता सुरू होते व मध्यरात्रीच्या सुमारास ती शिगेला पोहोचते. पहाटे ती ओसरते आणि तेव्हा कुठे रुग्णाला गाढ झोप लागते. रात्रभर येरझारा घालून सकाळी उशिरापर्यंत झोपलेल्या वृद्धाकडे पाहून घरच्यांचा गैरसमज होतो, त्याचे कारण हेच.

बहुसंख्य रुग्णांत, सुमारे ८० ते ९० टक्के जणांत, झोपेत ठरावीक अंतराने पाय झटकण्याची क्रियाही आढळते. पायाचा अंगठा वर वळतो, घोटा, गुडघा व कधी खुबा वाकतो आणि हे बहुधा दर २० ते ४० सेकंदांनी घडत राहते. रुग्णाला त्याची जाणीव नसते. शेजारी झोपणाऱ्यालाच ते प्रथम लक्षात येते.

खुर्चीवर बसल्या बसल्या सवयीने पाय हलवणे म्हणजे हा विकार नव्हे. त्या सवयीमागे त्रासदायक संवेदना नसते व ती मनात आणल्यास थांबवता येते.

व्याप्ती

युरोप व उत्तर अमेरिकेतील पाहण्यांत प्रौढांपैकी ५ ते १० टक्के लोकांत ही लक्षणे आढळली आहेत. उपचारांची गरज भासावी इतका त्रास सुमारे २ ते ३ टक्के लोकांना होतो. आशियाई देशांत हे प्रमाण त्याहून कमी आढळते. स्त्रियांमध्ये विकाराचे प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट आहे.

कारणे

लोह व डोपामिन

विकाराचे मूळ पायांत नसून मेंदू व मज्जारज्जूत आहे. स्नायूंच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कार्यात बिघाड होतो, असे मानले जाते. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला काम करण्यासाठी लोहाची आवश्यकता असते. या विकाराच्या अनेक रुग्णांच्या मेंदूतील काही भागांत लोह कमी असल्याचे आढळले आहे. रक्तातील लोह पुरेसे असतानाही मेंदूत ते कमी असू शकते. डोपामिनची पातळी दिवसभरात बदलते व रात्री ती उतरते. त्रास रात्रीच का वाढतो, याचा काही उलगडा त्यातून होतो.

अनुवंश

विकाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांच्या जवळच्या नात्यात आणखी कोणाला तरी हा त्रास असतो. वयाच्या ४५ वर्षांपूर्वी सुरू होणारा विकार बहुधा आनुवंशिक असतो व तो सावकाश वाढतो. २००७ साली आइसलँड व जर्मनीतील संशोधकांनी या विकाराशी संबंधित जनुकीय भेद प्रथम प्रसिद्ध केले. त्यानंतर असे अनेक भेद सापडले आहेत. आईला किंवा वडिलांना हा विकार असल्यास मुलांमध्येही तो उद्भवण्याची शक्यता वाढते.

अन्य आजार व अवस्था

लोहाची कमतरता, मूत्रपिंडे निकामी होणे व गर्भारपण या तीन अवस्थांत विकाराचे प्रमाण लक्षणीय वाढते. रक्तशुद्धीकरणावर, म्हणजेच डायलिसिसवर, असलेल्या रुग्णांत तो वारंवार दिसतो. गर्भारपणात तो शेवटच्या तिमाहीत अधिक असतो व प्रसूतीनंतर बहुतेकींचा त्रास थांबतो. मधुमेहामुळे किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे झालेली मज्जातंतूंची हानी, संधिवात आणि कंपवात यांच्यासोबतही हा विकार आढळतो.

विकार वाढवणारी औषधे

काही नेहमीच्या वापरातील औषधे हा विकार उद्भवण्यास किंवा बळावण्यास कारणीभूत ठरतात. एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

* सर्दी, खाज व ॲलर्जीवरील झोप आणणारी औषधे, उदाहरणार्थ क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, हायड्रॉक्सिझिन व प्रोमेथाझिन. सर्दी-खोकल्याच्या अनेक संमिश्र गोळ्यांत व औषधांत यांपैकी एखादे असते.
* मळमळ व उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन. आम्लपित्तावरील काही संमिश्र गोळ्यांत असणारे लेव्होसल्पिराइड हेही डोपामिनला अडवणारे औषध आहे.
* चक्कर येण्यावर दीर्घकाळ दिली जाणारी सिनारिझिन व फ्लुनारिझिन. यांचाही डोपामिनवर तसाच परिणाम होतो.
* नैराश्यावरील बहुतेक औषधे, विशेषतः मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन व सेरोटोनिन वाढवणारी औषधे.
* हॅलोपेरिडॉलसारखी मनोविकारांवरील औषधे.

यांपैकी कोणतेही औषध घरच्या घरी एकाएकी बंद करणे धोक्याचे ठरू शकते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, किंवा गोळ्यांची पाकिटेच, डॉक्टरांना दाखवून पर्याय विचारणे योग्य होय.

निदान

या विकाराचे निदान करणारी कोणतीही रक्ततपासणी अथवा क्ष-किरण तपासणी नाही. रुग्णाच्या सांगण्यावरूनच निदान होते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने ठरवलेले पाच निकष वापरले जातात.

१. पाय हलवण्याची अनावर इच्छा, बहुधा त्रासदायक संवेदनेसह.
२. विश्रांतीच्या वेळी, बसलेले किंवा पडलेले असताना, त्रास सुरू होणे अथवा वाढणे.
३. चालणे, पाय ताणणे यांसारख्या हालचालींनी, निदान हालचाल चालू असेपर्यंत, पूर्ण किंवा अंशतः आराम मिळणे.
४. संध्याकाळी वा रात्री त्रास अधिक असणे.
५. ही लक्षणे अन्य एखाद्या विकाराने स्पष्ट होत नसणे.

निदान झाल्यावर मूळ कारण शोधण्यासाठी रक्तातील फेरिटिन व लोहाची पातळी, ट्रान्सफेरिनची लोहसंपृक्तता, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांचे कार्य, साखर आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी केली जाते. फेरिटिन हे शरीरातील लोहसाठ्याचे मापक आहे. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही हा साठा रिता असू शकतो, म्हणून केवळ हिमोग्लोबिन पाहून लोह पुरेसे आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. शरीरात कोठेही दाह वा संसर्ग असल्यास फेरिटिन वाढलेले दिसते व कमतरता झाकली जाते. यासाठी लोहसंपृक्तताही तपासावी लागते. ही तपासणी सकाळी आणि आदल्या दिवसापासून लोहाच्या गोळ्या न घेता करणे इष्ट असते.

सारखे वाटणारे विकार

पायात गोळे येतात तेव्हा पोटरीचा स्नायू एकाएकी आखडून कठीण होतो व तीव्र कळ येते. अस्वस्थ पाय संलक्षणात स्नायू आखडत नाही. मधुमेही मज्जाविकारात तळपायांची जळजळ व बधिरपणा दिवसाही असतो आणि चालल्याने तो थांबत नाही. पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या असल्यास चालल्याने दुखणे वाढते व थांबल्यावर कमी होते, म्हणजे येथील लक्षणांच्या नेमके उलट घडते. सांधेदुखी विशिष्ट सांध्यात असते. काही औषधांमुळे येणाऱ्या सर्वांगाच्या चुळबुळीला रात्रीचे बंधन नसते. एका रुग्णात यांपैकी दोन विकार एकत्र असणेही शक्य आहे.

वृद्धांमधील स्वरूप

उतारवयात सुरू झालेला विकार तरुणपणीच्या विकारापेक्षा लवकर वाढतो व त्यामागे लोहाची कमतरता, मूत्रपिंडाचा विकार किंवा एखादे औषध असण्याची शक्यता अधिक असते. वृद्ध व्यक्ती बहुधा केवळ झोप येत नाही किंवा पाय दुखतात एवढेच सांगते. अशा वेळी झोपेची किंवा वेदनाशामक गोळी दिली जाते व मूळ विकार तसाच राहतो. पडल्यावर पाय हलवावेसे वाटतात का, उठून फिरल्यावर बरे वाटते का आणि सकाळी हा त्रास असतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे घरच्यांनी आधीच विचारून ठेवल्यास निदानास मोठी मदत होते.

वृद्धाच्या शरीरात लोह कमी आढळणे ही स्वतंत्रपणे गांभीर्याने घेण्याजोगी बाब आहे. आहारातील उणीव हे त्याचे एक कारण असते. परंतु पोटातील व्रण, मूळव्याध, ॲस्पिरिनसारख्या औषधांमुळे होणारा रक्तस्राव किंवा आतड्याचा कर्करोग यांमुळे नकळत रक्त जात असण्याचीही शक्यता असते. आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही लोहाचे शोषण घटते. म्हणून वृद्धाला केवळ लोहाच्या गोळ्या देऊन थांबणे पुरेसे नसते, लोह कमी का झाले याचा शोध घेणे आवश्यक असते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपली संवेदना शब्दांत सांगता येत नाही. संध्याकाळी सुरू होणारी बेचैनी, सतत उठबस, पोटऱ्या चोळणे वा त्यांवर बुक्क्या मारणे, पांघरूण लाथाडणे, कण्हणे अशा खुणांवरून विकार ओळखावा लागतो. हे वागणे मनोविकारामुळे आहे असे समजून दिलेली शामक औषधे बऱ्याचदा डोपामिनला अडवणारी असतात. त्यांनी बेचैनी अधिकच वाढते व ती पाहून औषधाची मात्रा वाढवली जाण्याचा धोका निर्माण होतो. अशा रुग्णाला बिछान्यात जखडून ठेवणे म्हणजे त्याला आराम देणारा एकमेव उपाय काढून घेणे होय.

उपचार

लोह

लोहसाठा तपासणे ही उपचाराची पहिली पायरी आहे. या विकारासाठी लागणारी फेरिटिनची पातळी सर्वसाधारण निरोगी व्यक्तीसाठीच्या किमान मर्यादेहून बरीच वर धरली जाते. प्रौढ रुग्णात फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर किंवा त्याहून कमी असल्यास, अथवा लोहसंपृक्तता २० टक्क्यांहून कमी असल्यास, लोह देण्याचा विचार केला जातो. प्रयोगशाळेच्या अहवालात ३० किंवा ४० हा आकडा सामान्य म्हणून छापलेला असला, तरी या रुग्णाच्या दृष्टीने तो अपुरा असतो.

लोहाच्या गोळ्या दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड दिल्या जातात. एक दिवसाआड घेतल्याने शोषण चांगले होते व पोटाचा त्रास कमी होतो. गोळीसोबत लिंबू, आवळा वा क जीवनसत्त्व घेतल्यास शोषण वाढते. चहा, कॉफी, दूध व कॅल्शियमची गोळी यांनी ते घटते, म्हणून त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. शौचास काळे होणे अपेक्षित असते. बद्धकोष्ठ ही नेहमीची तक्रार आहे. गुण येण्यास काही आठवडे ते महिने लागतात व सुमारे तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासले जाते.

गोळ्या सोसत नसल्यास, त्यांचे शोषण होत नसल्यास किंवा फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असल्यास शिरेवाटे लोह देता येते. त्यासाठी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे औषध परिणामकारक ठरले आहे. हा उपचार रुग्णालयात देखरेखीखालीच केला जातो. तपासणी न करता लोह घेत राहणे घातक आहे. जादा झालेले लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही व ते यकृत, हृदय आदी अवयवांत साठून त्यांना इजा करते.

नाचणी, बाजरी, हळीव, तीळ, खजूर, कडधान्ये व पालेभाज्या यांचा आहारात समावेश हितकर असला, तरी वनस्पतिजन्य लोहाचे शोषण मंद असते. लोहसाठा फार घटला असल्यास तो केवळ आहाराने लवकर भरून निघत नाही.

औषधे

लोह पुरेसे असूनही आठवड्यातून अनेकदा त्रास होत असल्यास औषधे दिली जातात. गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन ही आज पहिल्या पसंतीची औषधे आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यांची जोरदार शिफारस केली आहे. ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडे दुर्बल असलेल्या वृद्धांत मात्रा कमी ठेवावी लागते. गुंगी, चक्कर, पायांवरील सूज व तोल जाणे हे त्यांचे प्रमुख दुष्परिणाम होत. पहिल्या काही रात्री रुग्णाला एकट्याने उठू न देणे श्रेयस्कर असते.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल व रोटिगोटिन ही डोपामिनसारखे कार्य करणारी औषधे आरंभी झटपट व उत्तम गुण देतात. एकेकाळी तीच प्रथम दिली जात. मात्र दीर्घकाळ वापरल्यास त्यांच्यामुळे विकारच वाढतो असे दिसून आल्याने, त्यांचा सरसकट वापर आता टाळावा असे उपरोक्त मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात. जुगार, अनावर खरेदी अथवा खाणे अशा प्रवृत्ती उफाळून येणे हा त्यांचा आणखी एक दुष्परिणाम आहे. लाजेमुळे रुग्ण हे सांगत नाही, म्हणून घरच्यांनी त्याकडे लक्ष ठेवणे गरजेचे असते.

अन्य उपाय लागू न पडल्यास तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अफूवर्गीय औषधे अल्प मात्रेत दिली जातात. क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी झोप येते, पण पायांतील अस्वस्थता त्याने थांबत असल्याचा पुरावा अपुरा आहे. वृद्धांना अशा गोळ्यांमुळे पडण्याचा व गोंधळून जाण्याचा धोका असतो.

लक्षणवृद्धी

डोपामिनवर्गीय औषधांमुळे विकार बळावण्याच्या प्रकाराला ऑगमेंटेशन किंवा लक्षणवृद्धी म्हणतात. लेव्होडोपाच्या संदर्भात त्याचे वर्णन १९९६ साली प्रथम करण्यात आले. पूर्वी रात्री नऊला सुरू होणारा त्रास हळूहळू सायंकाळी सहाला, मग दुपारी सुरू होऊ लागतो. बसल्यावर तो लवकर जाणवतो, हातांपर्यंत पसरतो व गोळीचा परिणाम कमी काळ टिकतो. औषधाची मात्रा वाढवल्यावर काही काळ बरे वाटते, त्यामुळे मात्रा वाढतच जाते आणि विकारही. म्हणून त्रास पूर्वीपेक्षा लवकर सुरू होऊ लागल्यास मात्रा वाढवण्याऐवजी मज्जाविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. हे औषध एकदम थांबवल्यास काही रात्री अत्यंत कष्टाच्या जातात. त्यामुळे ते क्रमाक्रमाने व दुसऱ्या औषधाचा आधार देऊन कमी केले जाते.

घरगुती उपाय व काळजी

सौम्य विकारात औषधांविना केलेले उपाय पुरेसे ठरू शकतात व तीव्र विकारात ते औषधांना साहाय्यभूत होतात. प्रत्येक रुग्णाला लागू पडणारा उपाय वेगळा असल्याने काही दिवस नोंद ठेवून ते पारखून घ्यावे लागतात.

* पाय चेपणे, तेल लावून पोटऱ्या चोळणे व झोपण्यापूर्वी पोटऱ्यांचे स्नायू सावकाश ताणणे.
* कोमट पाण्यात पाय सोडून बसणे. काहींना उलट गार पाण्याने आराम पडतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या व्यक्तीला पाण्याची उष्णता कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने हाताने पाहून द्यावे लागते.
* दिवसा नियमित चालणे व हलका व्यायाम. अतिश्रमाने किंवा झोपण्यापूर्वीच्या जोरदार व्यायामाने त्रास वाढू शकतो.
* दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, तसेच मद्य व तंबाखू वर्ज्य करणे.
* बसावे लागते अशा संध्याकाळच्या वेळी मन गुंतवणे. पत्ते, शब्दकोडी, विणकाम, निवडणे-टिपणे यांत लक्ष लागले असता त्रास कमी जाणवतो.
* झोपेची वेळ लक्षणांशी जुळवून घेणे. पहाटे झोप लागणाऱ्या व्यक्तीला सकाळी थोडे उशिरा उठू दिल्याने तिची एकूण झोप वाढते.

एकच पाय सुजला, लाल झाला किंवा दाबल्यावर दुखू लागला असल्यास तो चोळणे धोकादायक आहे. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असल्याने तातडीने डॉक्टरांना दाखवावे लागते. रात्रीचे पाय वळण्यावर पूर्वी दिले जाणारे क्विनाइन या विकारावरील उपचार नव्हे व त्याचे दुष्परिणाम गंभीर असू शकतात.

वृद्ध रुग्ण रात्री वारंवार उठून फिरत असल्याने पडून हाड मोडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. अंथरुणापासून स्वच्छतागृहापर्यंतचा मार्ग मोकळा ठेवणे, मंद दिवा चालू ठेवणे, सरकणारी पायपुसणी काढणे, न घसरणारी पादत्राणे देणे आणि येरझारा घालताना धरता येईल असा आधार भिंतीलगत बसवणे हे उपाय औषधांइतकेच महत्त्वाचे आहेत. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचीही झोप मोडत असते. घरात एकाहून अधिक माणसे असल्यास रात्री वाटून घेणे इष्ट असते.

आईवडिलांच्या बाबतीत मनाचा भागही लक्षात घ्यावा लागतो. रात्री मुलांची झोपमोड होईल म्हणून वृद्ध त्रास लपवतात, तर भजन, कीर्तन, लग्नसमारंभ, नाटक अशा बसून राहावे लागणाऱ्या प्रसंगांना जाणे टाळतात. दीर्घकाळ झोप न मिळाल्याने नैराश्य येऊ शकते. हा आजार खरा आहे व त्यावर उपचार आहेत, एवढे घरच्यांनी मान्य केले तरी रुग्णाला मोठा धीर येतो.

रुग्णालय व प्रवास

रुग्णालयात दाखल झाल्यावर हा विकार उफाळून येण्याची अनेक कारणे एकत्र येतात. सक्तीची विश्रांती, शस्त्रक्रियेतील रक्तस्राव, उलटीवरील व झोपेची औषधे आणि नेहमीच्या गोळ्या चुकणे ही त्यांपैकी प्रमुख होत. दाखल होतानाच विकाराची माहिती व टाळावयाच्या औषधांची यादी डॉक्टरांना व भूलतज्ज्ञांना लेखी देणे हितावह असते. उलटीवर ऑन्डानसेट्रॉन हा सामान्यतः सुरक्षित पर्याय मानला जातो. एमआरआयसारख्या निश्चल पडून राहण्याच्या तपासण्या शक्य तो सकाळी ठेवल्यास रुग्णाला सोसवतात.

लांबच्या प्रवासात कडेची आसनजागा घेणे, सकाळच्या वेळी निघणे व वाटेत थांबून चालणे यांचा उपयोग होतो. संध्याकाळनंतर सुटणाऱ्या रात्रीच्या बसचा प्रवास या रुग्णांना सर्वाधिक जाचतो.

विकाराची वाटचाल

अस्वस्थ पाय संलक्षणाने पाय लुळे पडत नाहीत, तसेच हा विकार म्हणजे कंपवाताची पूर्वसूचना नव्हे. लोहाची कमतरता, गर्भारपण किंवा एखादे औषध हे कारण असल्यास ते दूर झाल्यावर त्रास पूर्ण थांबू शकतो. मूत्रपिंडाच्या रोपणानंतरही अनेकांचा त्रास कमी होतो. कारण अज्ञात किंवा आनुवंशिक असल्यास विकार बहुधा आयुष्यभर राहतो. मधूनमधून आठवडे किंवा महिनेही तो शांत असतो व पुन्हा डोके वर काढतो. अशा रुग्णांत विकार नाहीसा होणे हे उपचारांचे उद्दिष्ट नसते. बहुतेक रात्री सलग काही तास झोप मिळावी व दिवस सुखाचा जावा, हे उद्दिष्ट ठेवले जाते आणि बहुसंख्य रुग्णांत ते साध्यही होते. यासाठी लोहसाठ्याची ठरावीक काळाने पुन्हा तपासणी आणि औषधांचा अधूनमधून फेरआढावा आवश्यक असतो.